आधी मागणी, मग वर्गणी

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. मोबाइलवर एवढं टंकणं मला जमत नाही, म्हणून वहीच्या कागदावर लिहितेय. नात फोटो काढून पाठवेल.

जत तालुक्यातल्या तुझ्या शाळेत एका खोलीचा स्लॅब गळतोय, दुसरीत पहिली ते पाचवी एकत्र बसतायत. पट विसाच्या काठावर. केंद्रप्रमुख म्हणतात, "सर, लोकसहभाग काढा, शाळा आदर्श करा, आपण पेपरात बातमी लावू." गावकरी डाळिंबाचा पैसा हातात आहे तोवर वर्गणीला राजी आहेत. तू शिक्षणसेवकाच्या १६,००० मानधनातून स्वतःचे ५,००० टाकायला निघालायस. आणि एवढं सगळं लिहून शेवटी विचारतोस, "बाई, की हे सोडून सांगलीत खासगी अकॅडमीत शिकवायला जाऊ?"

अकॅडमीचं नंतर बघू. आधी सांग, गळक्या खोलीबद्दल शाळेनं पंचायत समितीला लेखी काय कळवलंय? जावक नोंदवहीत नंबर पडलाय? पत्राची पोच फाइलला आहे? तुझ्या मेसेजमध्ये पाऊस आला, पोरं आली, सरपंच आले, तुझी झोप उडाल्याचंही आलं. पोचेचं अवाक्षर नाही. वाचून मला राग आला, तो उतरायच्या आत लिहितेय.

आधी मागणी, मग वर्गणी. नोकरीभर मी हेच घोकत आले आणि लोकांना नकोशी होत गेले.

पाटण तालुक्यात डोंगरावरच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका होऊन गेले, तेव्हा तिथलं छप्पर दर उन्हाळ्यात गावच नीट करायचं. मुंबईत माथाडीत असलेली गावची माणसं पत्रे पाठवायची, घरटी एक माणूस राबायला यायचा. साऱ्या गावाला त्याचा अभिमान, मलाही वाटला. पुढे तालुक्याच्या बैठकीत मी विचारलं, आमच्या शाळेला नवी खोली का मिळत नाही? तिथल्या बाबूनं तक्ता उलटला आणि बोट ठेवलं. मागणी निरंक, म्हणजे काहीच नाही. मागच्या वर्षी निरंक, त्याच्या मागच्या वर्षीही निरंक. कागदावर आमचं छप्पर कधी गळलंच नव्हतं! गावानं आपल्या घामानं शाळेची गरज झाकून ठेवली होती, आणि वर त्याबद्दल सत्कारही झाले होते.

सातारा-सांगलीत हे बोलणं फार अवघड. वर्गणीविरुद्ध तोंड उघडलं की लगेच कर्मवीर अण्णांचं नाव पुढे येतं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, दारोदार मूठमूठ धान्य गोळा केलं, लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले. सगळं खरं, आणि ते ऐकताना माझेही डोळे भरतात. पण अण्णांनी सरकारला मोकळं सोडलं होतं का? गांधीहत्येनंतरच्या दिवसांत मुंबई सरकारनं रयतचं अनुदान बंद केलं. संस्था लोकांच्या पैशावर तगली, तरी अनुदानावरचा हक्क कुणी सोडला नाही, आणि ते पुढे पुन्हा सुरू झालं. ही दुसरी बाजू जयंतीच्या भाषणात का येत नाही, हे मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण असो.

अण्णांच्याही आधी आपल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले. त्यांनी स्वतः शाळा काढल्या आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे लेखी निवेदन ठेवलं, की सरकारी तिजोरी रयतेच्या कष्टावर भरते आणि पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. प्राथमिक शिक्षणाकडे बघा. पदरमोड करणाऱ्या माणसानंच एवढी खणखणीत मागणी केली होती.

त्यांच्या हातात कायदा नव्हता, तुझ्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ काढून वाच. शाळा व्यवस्थापन समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारच्या नियोजनाला, अनुदानाला तोच आराखडा आधार धरायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बहुतेक शाळांत तो आराखडा तारीख बदलून पुढच्या वर्षात ढकलला जातो. तुझ्या शाळेतला कोणत्या सालचा आहे, ते उद्या कपाट उघडून बघ.

तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यातले १० टक्के स्वच्छतेला. राहिले त्यात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती. समग्र शिक्षाचा हा पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० च्या वाट्यानं देतात. तो बहुतेकदा वर्ष सरत आल्यावर येतो आणि लगेच फोन, ३१ मार्चच्या आत खर्ची टाका, उपयोगिता प्रमाणपत्र द्या. यात स्लॅब होत नाही हे तुला ठाऊक आहे, शिक्षणाधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर मोठ्या दुरुस्तीची मागणी वेगळी, अंदाजपत्रक जोडून जायला हवी. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणाला द्या म्हणून सांगितलं, २०२० च्या धोरणानं तेच ६ टक्के पुन्हा लिहिलं, मधल्या एवढ्या वर्षांत ते काही गाठलं गेलं नाही. त्यावर चिडून चहा पिणारे स्टाफरूममध्ये पुष्कळ भेटतील. त्यांच्यातल्या कुणालाही त्यांच्या शाळेचा शेवटचा जावक क्रमांक विचार.

फुकट चालवून दाखवलं की काय होतं, त्यासाठी विनाअनुदानित शाळांकडे बघ. १९८३ मध्ये आपल्या सांगलीच्याच वसंतदादांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय कॉलेजांना वाट करून दिली. पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती आणि सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नव्हता. त्या निर्णयाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण २००१ मध्ये शाळांवर 'कायम विनाअनुदानित' असा शिक्काच बसला. २००९ मध्ये त्यातला 'कायम' गेला, २० टक्के अनुदानाला २०१६ उजाडलं, आणि पुढच्या टप्प्यांसाठी शिक्षकांना आझाद मैदानात बसावं लागलं. मधली सगळी वर्षं त्यांनी शिकवलंच; सकाळी शाळा आणि दुपारनंतर शेत, नाहीतर कुणाच्या दुकानात हिशोब. वर्ग भरतायत, निकाल लागतोय म्हटल्यावर मंत्रालयात घाई कुणाला असणार?

कॉलेजांत तरी वेगळं काय आहे? माझी भाची प्राध्यापकीची सेट परीक्षा पास आहे, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, शिकवते. मंजूर पदं रिकामी, तिच्यासारखीच पोरं तासिका तत्त्वावर विभाग चालवतात. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. गॅदरिंगला प्राचार्य स्टेजवरून म्हणाले, अपुऱ्या मनुष्यबळातही आम्ही निकालाची परंपरा राखली. टाळ्या पडल्या. भाचीनंही वाजवल्या म्हणे. मी तिला विचारलं, पद भरा म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून एक तरी पत्र दिलंय का? तर म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी तासच मिळणार नाहीत." तिचं भय खोटं नाही. तुझ्यावर तेवढं भय नाही, म्हणून तुझ्यावर माझा जास्त राग आहे.

आता माझंही ऐकून घे, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. तो 'निरंक' बघून आल्यावर मी गावाला सांगितलं, यंदा छपराला हात लावायचा नाही. जुन्या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या बाद करून पाडण्याचा, आणि नव्या बांधकामाचा प्रस्ताव टाकला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. सहा महिन्यांवर कुठलं भागतंय! पाटणचा पाऊस जतला बसून तुला कळायचा नाही. एकाहून जास्त पावसाळे आमचे वर्ग देवळाच्या सभामंडपात भरले. हळूहळू सहावी-सातवीच्या काही मुली महिन्यातले ठरावीक दिवस येईनाशा झाल्या. देवळात कसं बसायचं? बाई असून माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. मग आयांना भेटले, दोन-चार जाणत्यांशी भांडले, शेवटी त्या वर्गाला एका घराच्या पडवीत हलवलं. त्यातली एक मुलगी सातवीनंतर थांबली. देवळामुळेच थांबली असं म्हणवत नाही, घरचंही होतं. पण हजेरीतला तिचा क्रमांक मला अजून पाठ आहे.

गावात आजही म्हणतात, बाईंच्या हट्टापायी पोरांचे हाल झाले. म्हणू देत. खोल्या झाल्या, पक्क्या झाल्या, जिल्हा परिषदेच्या पैशानं झाल्या. मुंबईच्या मंडळाचे पत्र्यांचे पैसे वाचले, त्यातून त्यांनी कंपाउंड घातलं आणि पुस्तकांचं कपाट दिलं. आता पोरंच कमी झाली म्हणून त्यातली एक खोली कुलपात असते. तू मला त्यावरून टोमणा मारणार असशील तर मार. पुन्हा वेळ आली तरी मी छपराला हात लावू देणार नाही. फक्त पहिल्याच पावसात ताडपत्री घेईन आणि किर्दीत, जमाखर्चाच्या वहीत, लिहीन.

तेव्हा पोरांना भिजत ठेव असं मी सांगत नाहीये. ताडपत्री घे, डागडुजी कर, गाव देतंय ते घे. पण ठरावात आधी लिही, की शासनाकडे अमुक तारखेस, अमुक जावक क्रमांकानं मागणी केली आहे, ती प्रलंबित असल्यानं ही तात्पुरती सोय. प्रत्येक वर्गणीची पावती फाड. तुझे ५,००० मात्र खिशातच ठेव. २०२३ च्या वाढीआधी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ६,००० मिळायचे. त्या वाढीसाठी माणसं भांडली, ती तू स्लॅबला लावावीस म्हणून नव्हे. आणि तू टाकलेस, की तुझ्या जागी येणाऱ्या पोराकडूनही गाव तीच अपेक्षा धरेल.

पटाचंही तेच. २०२३ मध्ये विसाच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयानं लहान शाळांच्या पदांवर टांगती तलवार आली. आधारशी नाव जुळलं नाही, तर मूल तुझ्यासमोर पाढे म्हणत असूनही पटात धरलं जात नाही. तुझ्याकडच्या पोरांच्या घरात कन्नड, शाळेत मराठी, आधारवर इंग्रजी स्पेलिंग; घोळ हमखास असणार. शिवाय दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातील. ती निघायच्या आत एकेक आधार तपासून घे आणि मागे राहणारी पोरं कुणाकडे राहणार ते आजी-आजोबांना विचारून ठेव. कागदाचा तुला कंटाळा आहे हे मला चौथीपासून माहीत आहे. मोकळ्या ओळी सोडून गृहपाठ आणायचास.

अकॅडमीचं. जायचं तर जा, मी अडवणार नाही. घर चालवायचं असतं, कर्ज असतं, तुझं वय आहे. पण खोलीची फाइल पूर्ण करून जा. तुझ्यामागून येणाऱ्याच्या हातात निरंक देऊन गेलास, तर मात्र मला पुन्हा मेसेज करू नकोस.

समितीत पाऊण पालक असतात आणि निम्म्या बायका. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊ नकोस, बैठक खरी भरव, संध्याकाळी, रानातून माणसं परत आल्यावर. शौचालयाचं, पाण्याचं बायकांना विचार. तुला बाप्याला कुणी आपणहून सांगणार नाही. उपअभियंत्यांकडून पाहणी अहवाल माग. फोटोंवर तारीख येऊ दे. पत्राच्या दोन प्रती ने आणि पंचायत समितीत सकाळीच जा, दुपारी टपाल घेणारा माणूस जागेवर सापडत नाही. महिन्यानं स्मरणपत्र, त्याचीही पोच. पुढे सांगलीला जिल्हा परिषदेत जायची वेळ आली तर एसटीची तिकिटं जपून ठेव आणि प्रवासभत्ता माग. नाही म्हणाले, तर ते लेखी द्या म्हणावं.

तुझ्या बाई