तिरानाला येण्याआधी आल्बेनियन लोकांबद्दल थोडं

घर आणि शाळा इथे आल्यावर बघता येतील. तुम्ही विचारलंत की कुटुंबासह आल्बेनियाच्या राजधानीत, तिरानाला, राहायला येताना या लोकांचा कोणता इतिहास माहीत असावा. माझ्या मते सर्वांत आधी १९१२-१३ समजून घ्या.

२८ नोव्हेंबर १९१२ रोजी आल्बेनियन नेते इस्माईल चेमाली यांनी व्लोरा शहरात ऑटोमन (तुर्की) साम्राज्यापासून आल्बेनियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युरोपातल्या बड्या सत्तांनी लंडनला सीमा ठरवल्या, आणि आल्बेनियन वस्तीचा फार मोठा भाग देशाबाहेर राहिला. कोसोव्होचा बराचसा भाग सर्बियाकडे गेला. राष्ट्रीय चळवळीची पायाभूत सभा १८७८ मध्ये प्रिझरेनला भरली होती, आल्बेनियन भाषेसाठी लॅटिन लिपी १९०८ मध्ये मनास्तिरला ठरली. आज प्रिझरेन कोसोव्होत आहे आणि मनास्तिर, म्हणजे बितोला, उत्तर मॅसेडोनियात! ही सल इथे अजून ताजी आहे, तेव्हा सीमांबद्दल सहज शेरा मारू नका.

क्रुयाचा किल्ला लवकर बघून घ्या. आल्बेनियाचा राष्ट्रीय वीर स्कंदरबेग याने इथूनच १४४३ पासून १४६८ मध्ये मरेपर्यंत ऑटोमन फौजांशी झुंज दिली. गडांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला तो लगेच जवळचा वाटतो. झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड त्याच्याच घराण्याचा.

साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीबद्दल मात्र स्वतःहून खोदून विचारू नका. १९६७ मध्ये मशिदी आणि चर्च बंद झाली, देश सोडून पळणं हा देशद्रोह ठरला आणि त्याची शिक्षा मागे राहिलेल्या घरच्यांनीही भोगली. साम्यवादी राजवट कोसळत असताना, ऑगस्ट १९९१ मध्ये, ‘व्लोरा’ जहाजातून सुमारे २०,००० माणसं इटलीतल्या बारीला पोहोचली. घरातलं कुणी ना कुणी परदेशी असल्यामुळे नव्याने आलेल्या माणसाची अडचण हे लोक फार लवकर ओळखतात. मला इथे सर्वांत जास्त आधार त्याचाच वाटला.

भारतातून आलात म्हटलं की मदर तेरेसांचा विषय निघणारच. त्या स्कोप्येमधल्या आल्बेनियन घरात जन्मल्या, आणि तुम्ही ज्या विमानतळावर उतराल त्यालाही त्यांचंच नाव आहे.

कुणीतरी प्रेमाने प्रिझरेनला चला म्हणेल. अवश्य जा. पण भारताने कोसोव्होला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिलेली नाही, तिथे आपला दूतावासही नाही. म्हणून व्हिसाचे ताजे नियम आधी तपासा, आणि पासपोर्टची प्रत तिरानाच्या घरी ठेवूनच निघा.