प्लॅन वाढवला, स्पीड तिथेच

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला, तरी स्पीड ९५ च्या वर जात नाही. कंपनीवाले म्हणतात, ‘आमच्याकडून पूर्ण येतंय.’ नक्की काय समजायचं?

उत्तर : ते खरंही बोलत असतील. ९४-९५ वर अडलेला आकडा ही जुनी ओळखीची खूण आहे. बऱ्याच स्वस्त राउटरचे पोर्ट, म्हणजे वायर लावायच्या खाचा, १०० एमबीपीएसचेच असतात आणि त्यातून प्रत्यक्षात तेवढंच मिळतं. मॉडेल नंबर शोधून पोर्ट ‘गिगाबिट’, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का ते आधी बघा.

आहेत? मग फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतची वायर तपासा. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एक तार तुटली किंवा टोकाची क्लिप नीट बसवलेली नसली, की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. नेट चालूच राहतं, त्यामुळे वायरीवर कुणाचा संशय जात नाही. तीच वायर राउटर आणि गिगाबिट पोर्टच्या लॅपटॉपमध्ये लावून विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. १००० ऐवजी १०० दिसलं तर कॅट ५ई किंवा कॅट ६ ची नवी वायर आणा. एवढं केल्याशिवाय कृपा करून नवा राउटर घेऊ नका.

प्रश्न : प्लॅन १०० चा, पण फाइल उतरवताना १२ च दिसतात. फसवणूक आहे का?

उत्तर : नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये, फाइल मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. १०० ला आठने भागा, साडेबारा येतात.

प्रश्न : राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे आहे. बेडरूममध्ये नेट रडतं. रिपीटर घेऊ?

उत्तर : आधी राउटर टीव्हीमागून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. टीव्हीचा पत्रा, लोखंडी कपाट, आरसीसीची भिंत, सगळंच सिग्नल खातं. साधा रिपीटर एकाच बँडवर (वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्यावर) ऐकतो आणि तिथेच पुढे पाठवतो, त्यात स्पीड जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा बेडरूमपर्यंत वायर ओढा आणि घरात पडलेला जुना राउटर तिथे ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट वाय-फायवर देण्यासाठी, लावा.

प्रश्न : रात्री नऊनंतर नेट मंदावतं. बिल्डिंगमध्ये घरोघरी वाय-फाय आहे.

उत्तर : त्या वेळी लॅपटॉप वायरने जोडून स्पीड टेस्ट करा. वायरवर पूर्ण स्पीड आला तर दोष हवेतल्या गर्दीचा : राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ बँडच्या वाय-फायवर जा. २.४ वरच राहायचं असेल तर १, ६, ११ यांतला कमी गर्दीचा चॅनल निवडा. वायरवरही मंदच असेल, तर टेस्टचे स्क्रीनशॉट वेळेसकट जपून ठेवा, तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.