गड्ड्याच्या यात्रेआधी तक्रार दाखल करा

सोलापुरात अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवण्याचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. वजन उतरवायला हेल्थ क्लबमधून आणलेली हर्बल पावडर आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल त्यांनी चार महिने घेतल्या. गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) डोळे पिवळे झाले, अकरा दिवस दवाखान्यात गेले. लिव्हरला सूज या गोळ्या-पावडरमुळेच आली असावी, असं डॉक्टरांनी मार्चमध्ये लिहून दिलं. तेव्हापासून कंपनीशी ई-मेल चालू आहेत. भरपाई मिळेल का, असं ते विचारतात.

हर्बल म्हणजे निर्धोक नव्हे, हे मी सांगायला नको. तुमच्या बिलिरुबिनने (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) ते सांगितलंच आहे. मला फक्त तारखेबद्दल बोलायचं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल व्हायला हवी. कंपनीने ‘तपास चालू आहे’ असं दहादा कळवलं, तरी त्या पत्रव्यवहाराने मुदत एक दिवसही वाढत नाही. तुम्ही मात्र दर ई-मेलला नवी आशा धरून बसलात. दिवाळी गेली. येत्या गड्ड्यात दोन वर्षं भरतात.

मार्चच्या कागदापासून मोजता येईल, असं तुम्हाला कोणी सांगेल. कदाचित येईलही. पण ऑपरेशनमध्ये पोटात गॉज (कापडाची जाळीदार पट्टी) राहिल्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रुग्णाला हेच सुनावलं, की दुखत होतं तर इतकी वर्षं गप्प का राहिलात? तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. तुमचे तर डोळेच पिवळे झाले होते. म्हणून कावीळ दिसली तीच तारीख धरा. उशीर माफ करण्याची सोय कायद्यात आहे, पण सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ‘कंपनी बोलत होती’ हे कारण मी तरी ग्राहक आयोगापुढे घेऊन जाणार नाही.

तक्रार सोलापूरच्याच जिल्हा आयोगात होईल, कारण तुम्ही इथे राहता. कंपनी कुठली का असेना. अधिकारक्षेत्र मालासाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि ही किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो खरं! तुम्ही त्या भरवशावर कर्ज काढू नका.

डबा कचऱ्यात टाकलात, हे वाचून कपाळावर हात मारला. बॅच नंबर त्यावरच होता. आता बिल, मोबाइलमधले फोटो शोधा. क्लबमधल्या कोणाकडे त्याच बॅचचा डबा उरलाय का विचारा. तो नसेल तर सगळा भार डॉक्टरांच्या कागदांवर येईल. डिस्चार्ज कार्डावर पावडरचं नाव आहे का? हेपेटायटिस ए, बी, सी, ई चे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत का, म्हणजे कावीळ विषाणूंची नव्हती हे दिसतं का? पावडर बंद केल्यावर एसजीपीटी (लिव्हरची रक्त तपासणी) कसा उतरत गेला, ते सगळे रिपोर्ट तारखेवार लावा. लेबलवर लिव्हरचा इशारा नव्हता, हा ग्राहक कायद्याच्या कलम ८४ चा (उत्पादकाची जबाबदारी) मुद्दा चांगला आहे. पण डबाच नाही, तर लेबल दाखवणार कशावर?

अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज जरूर द्या, पण अन्न सुरक्षा व मानके कायद्यातल्या खटल्याची मुदत मुळात एकाच वर्षाची. अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणं नोंदवून मंजुरी दिली तर ती तीन वर्षांपर्यंत जाते. देतील की नाही, सांगू शकत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की सवलतीसाठी तुम्ही स्वतःच्या नावावर डिस्ट्रिब्युटरचा आयडी घेतला होता. कंपनीचा वकील सर्वात आधी हेच काढेल: हे ग्राहक नव्हेत, व्यापारी आहेत. माल फक्त स्वतःसाठी घेतला असेल तर उत्तर आहे; मेव्हण्याला दोन डबे विकले असतील तर आत्ताच मला सांगा, आयोगापुढे नको.