हॉट लॅबच्या फरशीवर सांडलेलं किरणोत्सारी औषध निघतं कसं, आणि वर कोटिंग कोणतं करावं?

इंदुरातल्या एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागाचं रंगकाम तुम्ही घेतलंय. हॉट लॅबच्या, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीच्या, जुन्या फरशीवर पूर्वी औषध सांडलंय, ते घासून वर इपॉक्सी (दोन घटक कालवून लावायचा, वाळून कडक होणारा लेप) मारली तर चालेल का, असं विचारताय. घासू नका. आधी विभागाच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडून खोलीतला किरणोत्सार मोजून ती मोकळी झाल्याचं लेखी घ्या. तोवर ग्राइंडर गाडीतच राहू द्या.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: सांडलं काय आणि कधी? टेक्निशियम-99एम असेल तर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, 6 तासांचं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला खोलीला कुलूप लावलं, तर सोमवारी सकाळी सहाला 60 तास, म्हणजे दहा अर्धायुष्यं होतात आणि हजारावा हिस्सा उरतो. याहून चांगला साबण नाही. आयोडीन-131 चं अर्धायुष्य मात्र 8 दिवसांचं, तिथे तेवढ्याच घटीला 80 दिवस लागतात. तेवढी खोली कोण बंद ठेवणार? म्हणून पुसावं लागतं.

पुसण्याचं काम विभागातली प्रशिक्षित माणसंच करतात, पण ते कसं होतं हे कळलं की कोटिंग कसं हवं तेही कळेल. आधी सांडलेल्यावर शोषक कागद ठेवतात, दाबत-घासत नाहीत. किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरचं टोक (प्रोब) फरशीपासून सेंटीमीटरभर वर धरून अगदी हळू फिरवतात आणि खडूने हद्द आखतात. मग 10 बाय 10 सेंटीमीटर जागेवर फिल्टर पेपर फिरवून तो दूर, कमी किरणोत्साराच्या जागी मोजतात. कागदावर येतं ते सुटं, कागद कोरा आणि फरशीवर मीटर बोलतोय तर ते घट्ट बसलेलं.

सुट्यासाठी पाच लिटर कोमट पाण्यात 50 मिली सौम्य डिटर्जंट पुरतं. फडकं ओलं, पण न ठिबकणारं. हात बाहेरून आत, आखलेल्या हद्दीकडून मध्याकडे, आणि दर फटक्याला फडक्याची नवी घडी. पोतेरं फिरवतो तसं गोल फिरवलं की वीतभर डाग हातभर होतो. दोन-तीनदा पुसूनही आकडा हलला नाही तर थांबायचं. पुढे जोर लावला तर ओरखडे पडतात आणि त्यातच माल जाऊन बसतो. ॲसिटोन किंवा थिनरने इपॉक्सी मऊ पडते, तेव्हा तेही नको. आयोडीनवर ॲसिड किंवा ब्लीच कधीच नाही. त्याने आयोडीन वायू होऊन हवेत येतं, म्हणजे फरशीवरचं संकट नाकात. तिथे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण वापरतात.

आणखी एक उपाय म्हणजे सोलून काढायचं कोटिंग. दाट लेप ब्रशने जाड लावायचा, कडेला जाळीदार कापडाची पट्टी त्यात बुडवून ठेवायची आणि वाळल्यावर ती पट्टी धरून साल ओढायची. लेप पातळ लावला तर तुकडे पडतात, पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ घेतो. गुळगुळीत पृष्ठभागावर छान चालतो. उघड्या कोब्यावर छिद्रांत रुतून बसतो.

स्वच्छतेत नंबर काढणाऱ्या आपल्या शहराला पाण्याचा पाइप फार प्रिय, पण इथे तो घातकी. धुवण झिरपतं सांध्यांत, तिथून निगमच्या नाल्यात. पाणी कमीच वापरायचं, आणि फडकी-हातमोजे पिशवीत भरून त्यावर समस्थानिकाचं नाव (टेक्निशियम-99एम, आयोडीन-131 असं) आणि तारीख लिहायची.

आता तुमचं काम. चुना, डिस्टेंपर, साधा इमल्शन ही सगळी पिणारी तोंडं. टाइल्स लावल्या तर सांधे पितात. जमिनीला दोन घटकांची, चकचकीत, सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणारी) इपॉक्सी 2 ते 3 मिमी, आणि कोपरा गोल करून भिंतीवर 10 सेंटीमीटर चढवलेली. नवा कोबा 28 दिवस मुरू द्या, वरची सिमेंटची साय घासून काढा. मग 45 सेंटीमीटर चौरस प्लॅस्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून 16 तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा कोबा काळवंडला तर प्राइमर लावू नका, फोड येणारच.

एप्रिल-मेत सकाळी मारलेल्या थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, कारण कोबा तापतो आणि त्यातली हवा ओल्या थरातून वर येते. संध्याकाळी, कोबा निवत असताना मारा. मिसळलेली बादली उन्हात ठेवली तर तिथेच घट्ट होते, म्हणून थोडं-थोडं कालवा. दमट दिवसांत वर चिकट पांढरी साय येते. ती कोमट पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर दिला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत, पापुद्रा सुटतो आणि त्याखाली औषध शिरलं की मग सगळंच उखडायचं.

घट्ट बसलेलं थोडं उरलं असेल आणि सेफ्टी ऑफिसरने ते झाकायला लेखी परवानगी दिली असेल, तर खालचा थर पिवळा आणि वरचा राखाडी द्या. ट्रॉलीच्या चाकाखाली पिवळं दिसू लागलं, की झाकण झिजलं हे झाडणाऱ्या मावशींनाही मीटरशिवाय कळतं.