वाचक विचारतात : टीव्हीसमोरचे ताट

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे टीव्ही आणि वजन याच विषयावरची असल्याने हे सदर या वेळी त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे वजन वर्षभरात सात किलोंनी वाढले आहे. शाळेतून आल्यावर तो दोन-अडीच तास कार्टून पाहतो. हालचाल वाढावी म्हणून आम्ही त्याला आठवड्यातून तीन दिवस स्केटिंगला घातले, तरी वजन वाढतेच आहे. टीव्ही पूर्ण बंद करावा का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : स्केटिंग अवश्य चालू ठेवा, कारण त्याचे फायदे वजनापुरते नाहीत. मात्र टीव्हीने मुले जाड होतात ती केवळ बसून राहिल्यामुळे, असे जे आपण सर्वजण धरून चालतो, ते या विषयावरचे उत्तम अभ्यास पाहिल्यास फारसे टिकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील दोन प्राथमिक शाळांमध्ये, साधारणपणे आपल्या मुलाच्याच वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका शाळेतील मुलांना सहा महिने टीव्ही आणि व्हिडिओ गेम कमी करण्याचे धडे दिले गेले. आधी दहा दिवस पडदा संपूर्ण बंद, आणि नंतर आठवड्याला सात तासांची मर्यादा, असे त्याचे स्वरूप होते. वर्षअखेरीस या मुलांचे वजन आणि कंबरेचा घेर दुसऱ्या शाळेतील मुलांच्या तुलनेत कमी वाढला होता, परंतु गंमत अशी, की त्यांचा व्यायाम मात्र लक्षणीय वाढलेला नव्हता. कमी झाली होती ती टीव्हीसमोर बसून घेतलेली जेवणे. पुढे अमेरिकेतल्याच बफेलो येथे चार ते सात वर्षांच्या, वजन जास्त असलेल्या सत्तर मुलांवर दोन वर्षे केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांत टीव्हीला उपकरण जोडून पाहण्याचा वेळ हळूहळू अर्ध्यावर आणला गेला. तेथेही मुलांच्या धावपळीत फरक पडला नाही, पण त्यांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांत पडला.

तेव्हा कार्टूनच्या त्या दोन-अडीच तासांत मुलगा किती हलतो यापेक्षा त्याच्या हाताशी काय ठेवलेले असते, हे आधी पाहावे लागेल. आपण पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलेले नाही, पण बहुतेक घरांतले चित्र परिचयाचे आहे. मूल भुकेले घरी येते, वरणभात खायला तयार नसते, म्हणून टीपॉयवर चिवड्याचा किंवा शेवेचा डबाच ठेवला जातो आणि हात डब्यात जात-येत राहतो. तळलेल्या चिवड्याच्या ५० ग्रॅममध्ये, म्हणजे मुलाच्या दोन-तीन मुठींमध्ये, सुमारे २५० उष्मांक असतात. प्रौढ माणसाला तेवढे खर्च करण्यासाठी तासभर भरभर चालावे लागते. स्केटिंगच्या तासाचा हिशेब घरी परतल्यावर पंधरा मिनिटांत पुसला जाण्याची ही सोपी वाट आहे.

जाहिरातींचा भाग याहून वेगळा आहे आणि तो मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सात ते अकरा वर्षांच्या मुलांना जाहिरातींसह कार्टून दाखवून, समोर खाऊची वाटी ठेवून, त्यांनी किती खाल्ले ते मोजण्याचा एक प्रयोग अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्याच्या जाहिराती पाहिलेल्या मुलांनी इतर जाहिराती पाहिलेल्या मुलांपेक्षा ४५ टक्के अधिक खाल्ले. त्यातही वाटीतला खाऊ जाहिरातीतला नव्हताच. म्हणजे जाहिरात केवळ आपल्या मालाकडे वळवते असे नाही, तर जे हाताशी असेल ते खाण्याची इच्छा जागवते. ब्रिटनने २००७ पासून मुलांच्या कार्यक्रमांत अतिसाखर-अतिमीठ-अतिस्निग्ध पदार्थांच्या जाहिराती रोखायला सुरुवात केली, ती अशा कारणांपायी. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि त्याभोवतीच्या ५० मीटर परिसरात विकण्यास मनाई केली आहे. घरातल्या दिवाणखान्यासाठी मात्र नियम पालकांनाच करावा लागतो.

टीव्ही पूर्ण बंद करण्याची आवश्यकता नाही आणि माझ्या मते ते टिकणारही नाही. शाळेतून आल्यावर आधी जेवणाच्या ठिकाणी बसून पोटभर खाणे, म्हणजे पोळीभाजी, उसळ किंवा थालीपीठ जे असेल ते, आणि त्यानंतर एक तास कार्टून, या क्रमाने सुरुवात करावी. कोणते कार्यक्रम पाहायचे ते मुलाला निवडू द्यावे, म्हणजे नुसताच चालू राहिलेला टीव्ही आपोआप कमी होतो. त्याचे वजन उतरवण्याचा आग्रह धरू नका. वाढत्या वयात वजन वर्षभर तेवढेच राहिले आणि उंची वाढली, तरी काम झाले. या वयात वर्षाला साधारण दोन-तीन किलो वाढ अपेक्षित असते, त्यामुळे सात किलो निश्चितच जास्त आहेत. उंची नीट वाढत असेल तर ग्रंथींचा आजार असण्याची शक्यता कमी असते. उंची खुंटलेली वाटत असल्यास मात्र बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. आणि घरात कोणीही, लाडाने का होईना, त्याला ‘जाड्या’ म्हणू नये.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी साडेसातपासून दहापर्यंत मालिका चालू असतात. सासूबाईंना त्यांची फार आवड आहे. त्यामुळे सगळ्यांची ताटे हॉलमध्येच येतात आणि कधीकधी जेवायला दहा वाजतात. यजमानांना मधुमेह आहे आणि जेवणानंतरची साखर सतत वाढलेली असते. सासूबाईंना दुखावल्याशिवाय यातून मार्ग काढता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सासूबाईंच्या मालिकांना हात लावण्याचे काहीच कारण नाही. दिवसभर घरात असणाऱ्या वयस्कर माणसाला त्या अडीच तासांची सोबत असते, आणि घरातली शांतता हाही आरोग्याचाच भाग आहे. मालिका चालू राहू द्या, फक्त ताट तिच्या आधी आणा. सात वाजता स्वयंपाकघरात किंवा टेबलावर सर्वांनी एकत्र जेवून साडेसातला हॉलमध्ये जाणे, ही व्यवस्था बहुतेक सासूबाईंना पटते, कारण त्यात त्यांचा एकही भाग बुडत नाही.

टीव्हीसमोर जेवताना माणूस जास्त खातो, हे आपण पाहतच असाल. चौथी पोळी कधी वाढली गेली ते खाणाऱ्याला सांगता येत नाही आणि वाढणाऱ्यालाही. परंतु परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की दुपारचे जेवण टीव्ही पाहत घेतलेल्या स्त्रियांनी नंतर पुढ्यात ठेवलेली बिस्किटे अधिक खाल्ली, आणि आपण दुपारी काय जेवलो याची त्यांची आठवणही पुसट होती. पोट भरल्याची जाणीव पोटाप्रमाणेच आठवणीवरही अवलंबून असते. रात्री साडेदहाला ‘काहीतरी तोंडात टाकायला’ शोधणाऱ्या हातामागे कित्येकदा टीव्हीसमोर घेतलेले जेवण असते.

यजमानांच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली म्हणजे जेवणाची वेळ दहावरून सातवर आणण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून गोळ्यांची किंवा इन्सुलिनची वेळ ठरवून घ्यावी, कारण काही औषधे जेवणाशी बांधलेली असतात आणि जेवण मागेपुढे झाल्यास साखर अचानक खाली जाऊ शकते. दुसरी गोष्ट अशी, की जेवणानंतर मालिका पाहायला बसलेच, तर जाहिराती लागल्या की उठावे. ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या प्रौढांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालल्याने खाण्यानंतरची साखर सलग बसून राहण्याच्या तुलनेत कमी वाढली. आपल्याकडील नियमांनुसार वाहिन्यांना तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. एरवी कंटाळवाण्या असलेल्या या बारा मिनिटांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

प्रश्न : माझे वय ४४, उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो आहे. दुकान बंद केल्यावर रोज तीन-चार तास क्रिकेट किंवा बातम्या पाहतो, सोबत थोडे फरसाण असते. वजन वाढत नाही, मग मला काळजीचे कारण नाही ना? (एक दुकानदार, लातूर)

उत्तर : आपला शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २१.५ च्या आसपास येतो आणि भारतीयांसाठी मानलेल्या २३ च्या मर्यादेच्या तो आत आहे. तरीही केवळ काट्यावर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी-शेजारी छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर दुसऱ्याच्या शरीरात २१.२ टक्के. जास्त चरबीचा आकडा आपल्या याज्ञिक सरांचा होता, हे सांगायला नकोच. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाची चरबी पोटाभोवती साठते, म्हणून टेप घेऊन कंबर मोजावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

दुकानात बसणे आणि टीव्हीसमोर बसणे यांतही फरक दिसतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासात पन्नास हजारांहून अधिक स्त्रियांची सहा वर्षांची माहिती २००३ मध्ये मांडली गेली. रोजच्या प्रत्येक दोन तास टीव्हीमागे लठ्ठपणाचा धोका २३ टक्के आणि मधुमेहाचा १४ टक्के वाढलेला आढळला, तर कामावरच्या तेवढ्याच बसण्यामागे हे आकडे अनुक्रमे ५ आणि ७ टक्के होते. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत, हे मान्य. परंतु बसणे दोन्हीकडे आहेच, आणि गिऱ्हाईक समोर असताना फरसाणाची पिशवी उघडता येत नाही, हा फरक दुर्लक्षित करण्याजोगा नाही. कंबर ९० च्या वर असेल तर उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी यांची तपासणी करून घ्यावी. नसेल तरीही फरसाण वाटीत काढून घ्यावे आणि पिशवी स्वयंपाकघरातच राहू द्यावी.

प्रश्न : नात दीड वर्षाची आहे. टीव्ही लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. सून नोकरीला जाते, भरवणे माझ्याकडे आहे. काय करावे? (एक आजी, सातारा)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलाला पडद्यासमोर बसवू नये. आपली अडचण मला समजते, पण टीव्हीपुढे तोंड उघडते ते भुकेने नव्हे, आणि म्हणूनच घास कितीतरी वेळ गालात धरून ठेवला जातो. पहिल्या वर्षात बाळाचे वजन तिप्पट होते, तर दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. त्यामुळे या वयात भूक कमी होणे स्वाभाविक असते. अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ वर जात असेल तर निर्धास्त राहा. तिला आपल्याबरोबर पाटावर बसवा, छोट्या ताटलीत मऊ भात आणि पोळीचे तुकडे द्या, सांडू द्या, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलून घ्या. पहिले काही दिवस ती कमी खाईल. तेव्हा मध्ये बिस्किटे आणि दूध देऊन भरपाई करू नये, नाहीतर पुढच्या जेवणाला भूकच राहणार नाही.

प्रश्न : आम्ही पाच माणसे चाळीतल्या एका खोलीत राहतो. टीव्ही तिथेच, जेवण तिथेच. वेगळी जागा आणायची कुठून? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : जागा वेगळी करता येत नसेल तर वेळ वेगळी करावी. पाने मांडली की टीव्ही बंद करावा आणि शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत तो लावू नये. नुसता आवाज बंद करून उपयोग होत नाही, कारण लक्ष चित्रामुळेच जाते. घरातल्या कोणाची कामाची पाळी वेगळी असेल आणि त्याला एकट्याने उशिरा जेवावे लागत असेल, तर त्याने टीव्हीकडे पाठ करून बसावे आणि लागेल तेवढे सगळे एकदाच ताटात वाढून घ्यावे.