कॅन्ससच्या शेतीप्रधान कौंटीत कमिशनर निवडताना उमेदवारात काय पाहावे?

आपण लिहिले आहे की अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यानंतरचे हे आपले पहिलेच मतदान आहे, तेही कौंटीच्या (म्हणजे येथल्या जिल्ह्याच्या) कारभारी मंडळाचा सदस्य, अर्थात कमिशनर, निवडण्यासाठी; दोन्ही उमेदवार शेतकरी आहेत, दोघेही कर कमी करू म्हणतात, आणि त्यांपैकी एक शेजारी असल्यामुळे त्यालाच मत द्यावे असे आपल्या मनात आहे. या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसलो. शेजारी आहे म्हणून मत देऊ नका. मी दिले होते.

मी मूळचा मंगळवेढ्याचा. गेली एकोणीस वर्षे पश्चिम कॅन्ससमध्ये पीक सल्लागार म्हणून काम करतो. येथे जिला मिलो म्हणतात ती आपली ज्वारीच, फक्त बुटकी आणि बहुतांशी जनावरांच्या व इथेनॉलच्या वाट्याला जाणारी. तिच्यामुळे या भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांशी माझा घरोबा आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे कौंटीतल्या आमच्या मतदारविभागातून, जे गृहस्थ कमिशनरपदासाठी उभे राहिले, त्यांचे शेत आमच्या घराला लागून आहे. त्यांच्या प्रचाराच्या पाट्या मी माझ्या पिकअपमधून वाटल्या. त्यांच्या विरोधात कौंटीच्या कचेरीत अनेक वर्षे हिशेब सांभाळून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. माझ्या पत्नीने त्या बाईंना मत दिले आणि तसे मला तोंडावर सांगितलेही.

ते निवडून आले. पुढच्या मे महिन्यात पाऊस झाला आणि आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दीड मैल कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा उठल्या. गाडीतला चहाचा कप हातात धरूनही सांडायचा. रविवारी रात्री मी त्यांना फोन केला. सोमवारी सकाळी सात वाजता कौंटीचा ग्रेडर, म्हणजे कच्चा रस्ता खरवडून नीट करणारे यंत्र, आमच्या फाटकाशी हजर होता. चालकाने रस्त्याला मधोमध उंचवटा देऊन दोन्ही बाजूंना असा काही उतार काढला की मी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘याला म्हणतात लोकप्रतिनिधी.’ धाकट्या भावाने विचारले, ‘आमच्या झेडपी सदस्याला पुढे पाठवू का?’

तो ग्रेडर त्या सोमवारी खरे तर पश्चिमेकडच्या, शाळेची बस जाते त्या रस्त्यावर जायचा होता. मंगळवारी रात्री पुन्हा पाऊस पडला, तेथल्या खोल चाकोऱ्यांत पाणी साचून राहिले, आणि बुधवारी सकाळी बसचे मागचे चाक घसरून चरात गेले. आत नऊ मुले होती. कोणाला काही लागले नाही. पाऊण तासाने एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून बस बाहेर ओढली. पत्नी त्याच शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. संध्याकाळी घरी आल्यावर ती इतकेच म्हणाली, ‘आपला रस्ता मात्र छान झाला आहे हो.’

त्या दिवसापासून आमच्यात हा वाद चालू आहे. तिच्या मते चूक माझी, कारण फोन मी केला. माझ्या मते चूक कमिशनरची, कारण फोन करणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि गाऱ्हाणे कोठे पोहोचवायचे हे ठरवणे त्यांचे काम होते. एकट्या कमिशनरला कायद्याने कसलाही अधिकार नसतो. अधिकार असतो तो मंडळाला, आणि तोही सभेत. मंडळ येथे तीन, पाच किंवा सात जणांचे असते. रस्त्यांचा क्रम लावायला पर्यवेक्षक नेमलेला असतो. त्याला वगळून कमिशनरनेच थेट ग्रेडरच्या चालकाला फोन केला, तर ज्याचा पगार मंडळ ठरवते तो बिचारा नाही कसा म्हणेल?

म्हणून उमेदवार मते मागायला दाराशी आला की एकच प्रश्न विचारा: माझा रस्ता खराब झाला आणि मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही काय कराल? ‘पर्यवेक्षकाकडे नोंद करा, नाही झाले तर सभेत या,’ असे रुक्ष उत्तर देणारा माणूस निवडा. ‘माझ्यावर सोडा’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

करकपातीच्या आश्वासनावर फार वेळ घालवू नका. येथे मालमत्ता कराचा दर मिलमध्ये सांगतात; एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. येथे राहत्या घराचे करपात्र मूल्य बाजारभावाच्या साडेअकरा टक्के धरतात, म्हणजे दीड लाख डॉलरच्या घरावर दोन मिल कमी झाले तर वर्षाला वाचतात साडेचौतीस डॉलर. शेतजमिनीचा हिशेब बाजारभावावर नव्हे तर तिच्या उत्पन्नक्षमतेवर होतो, त्यामुळे मोठ्या जमीनदाराला तेच दोन मिल वेगळे दिसतात. आपल्या दोन्ही उमेदवारांची किती जमीन आहे, हे त्यासाठी ठाऊक असलेले बरे. भूजलाबद्दल कोणी वचन देत असेल तर ऐकून सोडून द्या, उपशाचे परवाने कौंटी देत नाही.

मतदान मात्र ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, चुकवू नका. आमच्याकडे रिपब्लिकन प्रायमरीतच निकाल लागतो आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर बहुधा एकच नाव उरते. कोणत्याही पक्षात नाव नोंदवले नसेल तर त्यासाठी ते मतदानाच्या दिवशीही नोंदवता येते; दुसऱ्या पक्षात असाल तर बदल १ जूनपर्यंतच करता येतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. कॅन्ससच्या १०५ कौंट्यांपैकी प्रत्येक ठिकाणी कच्चे रस्ते कौंटीकडेच असतात असे नाही, काही ठिकाणी ते टाउनशिपकडे, म्हणजे कौंटीतल्या लहान स्थानिक विभागाकडे, असतात. आपल्याकडे तसे असेल तर माझी ग्रेडरची कथा आपल्या फारशी उपयोगाची नाही आणि कौंटीच्या रुग्णालयावर उमेदवार काय बोलतो तेच आधी ऐकावे लागेल.

आमचे शेजारी यंदा तिसऱ्यांदा उभे आहेत. परवा ते स्वतः आले आणि फाटकाशी पाटी लावू का म्हणून विचारले. मी नाही म्हणालो. पत्नी म्हणते की हे ‘नाही’ आठ वर्षे उशिरा आले. मी म्हणतो, फोन करणे आणि पाटी लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.