द्राक्षवेलीचा एकच ओलांडा का वाळतो?

अंगणातल्या मांडवावरची आमची वेल बारा वर्षांची आहे. यंदा एका बाजूचा ओलांडा (मांडवावर आडवी पसरलेली जाड फांदी) फुटलाच नाही, दुसरी बाजू हिरवीगार. पाणी कमी पडलं का? (रामबाग, इंदूर)

पाणी कमी पडलं असतं तर दोन्ही बाजू माना टाकून बसल्या असत्या. वाळलेला ओलांडा करवतीने आडवा कापा आणि काप उजेडात धरून बघा. फिकट लाकडात केकच्या तुकड्यासारखी तपकिरी पाचर दिसली, तर बहुधा खोडाची बुरशी आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत लॅसिओडिप्लोडिया हे तिचं नेहमीचं नाव; थंड मुलखात हाच उद्योग युटायपा करते. ती छाटणीच्या जखमेतून शिरते आणि लाकडातून सावकाश खाली उतरते. लक्षण दिसेपर्यंत कित्येकदा वर्षं उलटतात. दुकानदार काहीही हातात देवो, पानांवर मारलेलं औषध तिथवर पोचत नाही.

थोडं थोडं खाली कापत जा. डाग संपला की त्याखालचं आणखी 10 सेंटिमीटर चांगलं लाकूडही काढा. इथे हात आखडू नका. डाग खोडात उतरला असेल, तर खोडच कापून खालचा जोमदार फुटवा वर चढवा. मुळं जुनी असल्याने वेल लवकर सावरते. मात्र वेल कलमी असेल तर फुटवा कलमाच्या सांध्यावरचाच हवा. खालून डॉगरिज, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो खुंट, फुटला तर सावली मिळेल, द्राक्षं विसरा.

वेल फार माजली म्हणून जुलैत छाटली. बिघडलं का? (तिलकनगर, इंदूर)

कोवळे शेंडे खुडले असतील तर नाही. जाड लाकूड मात्र पावसात कापू नये, कारण या बुरशीचे बीजाणू पावसाबरोबरच सुटतात आणि ताजी जखम काही आठवडे तरी उघडी राहते. मोठे काप एप्रिलच्या खरड छाटणीत, म्हणजे हंगामानंतरच्या मोठ्या छाटणीत घ्या. त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली नको. छाटलेलं लाकूड मांडवाखाली रचून ठेवू नका.

फ्रान्समध्ये खोडाच्या बुरशीवर औषध होतं म्हणे? (रतलाम)

होतं, सोडियम आर्सेनाइट. जहाल विष ते. 2001 मध्ये तिथेही बंद झालं. त्याच्या तोडीचं दुसरं अजून हाती लागलेलं नाही.

खोडाखाली रोज भुसा पडतो. हीच बुरशी का? (राऊ)

नाही, तो खोडकिडा. साल खरवडून भोक शोधा आणि तार घालून अळी बाहेर काढा.